भावनगरची दुर्बीण आणि आमची वर्गणी



गेल्या महिन्यात आमच्या इंजिनीअरिंगच्या बॅचमधल्या नऊ जणांनी (तिघं इथे दुबईत, दोघं मस्कतला, बाकीचे पुणे आणि अमेरिका असे विखुरलेले) ठरवलं की आपल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेला एक चांगलं मोजमापाचं यंत्र भेट द्यायचं. वर्गणी जमली, कोटेशन आलं, यंत्रावरच्या पाटीवर बॅचचं नाव मराठीत लिहायचं की इंग्रजीत यावर तीन दिवस वादही झाला. आणि सगळं ठरत आलेलं असताना मी खोडा घातला. "यंत्र नको" असं म्हणालो. साहजिकच शिव्या खाल्ल्या. "पैसे द्यायचे नसतील तर सरळ सांग" इथपर्यंत गाडी गेली. मी असं का म्हणालो ते फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. थोडा लांब झालाय, चहा घेऊन बसा.

सुरुवात इथूनच करतो. आम्ही मुहैस्नाह चारमध्ये राहतो, मदिना मॉलपासून जवळ. शेजारच्या मुहैस्नाह दोनला सगळे सोनापूर म्हणतात. मुंबईकरांना वेगळं सांगायला नको, आपल्याकडे सोनापूर म्हणजे स्मशान. इथे आलो तेव्हा आईला फोनवर सांगितलं की व्हिसाच्या मेडिकलसाठी सोनापूरला जायचंय, तर ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. असो. घरापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर मुश्रिफ पार्क आहे आणि त्यात 'थुराया' नावाचं खगोल केंद्र आहे. तिथे एक मीटर व्यासाची दुर्बीण आहे. हिवाळ्यात लेकीला घेऊन गेलो होतो. शहराचा एवढा उजेड असूनही मृग नक्षत्रातला तेजोमेघ दिसला. फोटोत दिसतो तसा रंगीबेरंगी नाही, फुंकर मारलेल्या काचेसारखा धुरकट. लेकीने विचारलं, "बाबा, पुण्यात आहे अशी?"

मी म्हणालो, "होती." आणि घरी येईपर्यंत मला तिची गोष्ट सांगावी लागली. तीच तुम्हालाही सांगतो.

पुण्याच्या सीओईपीचं जुनं नाव कॉलेज ऑफ सायन्स. १८५४ साली साधा इंजिनीअरिंगचा वर्ग म्हणून सुरू झालेली ही संस्था १९११ साली कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग झाली आणि २०२२ साली विद्यापीठ. तिच्या आवारात एके काळी एक वेधशाळा होती, हे तिथून शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं. तिचं नाव महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा. पुण्याच्या कॉलेजात काठियावाडच्या महाराजांचं नाव कुठून आलं? तर त्याचं कारण कावसजी दादाभाई नायगामवाला.

हे गृहस्थ १८५७ सालचे, पारशी, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांना वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा हवी होती. प्रकाशाचे रंग वेगळे करून त्यातल्या रेषांवरून पदार्थ ओळखायचा, हे शास्त्र तेव्हा अगदी ताजं होतं. १८८२ साली भावनगरच्या महाराजांनी पाच हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. १८८४ मध्ये नायगामवाला इंग्लंडला गेले. तिथे नॉर्मन लॉकियर आणि इतर ज्योतिर्विदांनी सल्ला दिला की नुसती प्रयोगशाळा कशाला, ताऱ्यांचे वर्णपट घेता येतील अशी वेधशाळाच उभारा. मग डब्लिनच्या ग्रब कंपनीकडून वीस इंची आरशाची दुर्बीण घेतली. वीस इंच म्हणजे साधारण एक्कावन्न सेंटिमीटर. दरम्यान नायगामवालांची पुण्याला बदली झाली, त्यामुळे दुर्बीणही पुण्याला आली. १८८८ साली वेधशाळा सुरू झाली. ही देशातली सर्वांत मोठी दुर्बीण होती आणि पुढे बराच काळ तीच सर्वांत मोठी राहिली. म्हणजे एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मुळा-मुठेच्या काठी, देशातलं सर्वांत भारी यंत्र होतं. आज कुणी असं सांगितलं तर आपण हसू.

आणि ते शोभेला ठेवलेलं नव्हतं. त्या काळी मृगातल्या ह्याच तेजोमेघावरून मोठं भांडण चालू होतं. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. लॉकियरसाहेबांचं म्हणणं असं की तेजोमेघ म्हणजे उल्कांचे थवे आणि ही रेषा म्हणजे त्यातल्या तापलेल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची कड. तसं असेल तर ती एका बाजूने पुसट दिसायला हवी. विल्यम हगिन्स म्हणत होते, तसं मुळीच नाही. १८९१ साली नायगामवालांनी पुण्यातून पाहिलं आणि सांगितलं की रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ, रेखीव आहे. म्हणजे ज्या लॉकियरच्या सल्ल्याने दुर्बीण आली त्याच लॉकियरच्या विरुद्ध निकाल! ती रेषा नेमकी कशाची हे कळायला १९२७ साल उजाडलं. अमेरिकेतल्या आयरा बोवेनने दाखवलं की ती दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. मॅग्नेशियमचा काही संबंध नव्हता. पुण्यातला माणूस बरोबर होता.

थोडं विषयांतर करतो, कारण लॉकियरचं नाव निघालं की विजयदुर्ग येणारच. "हेलियमचा शोध विजयदुर्गला लागला" असं एक पत्र दर वर्षी कुणीतरी सगळ्यांना पुढे ढकलतं. तसं नाही. १८६८ च्या ग्रहणात ती पिवळी रेषा पाहणाऱ्यांत गुंटूरला आलेला फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन होता, आणि लॉकियरने ती त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमध्ये बसून, ग्रहणाशिवाय पाहिली. विजयदुर्गला तो आला तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला. किल्ल्यावरचे 'साहेबाचे ओटे' त्या वेळचे. त्याच ग्रहणासाठी नायगामवालांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला तळ ठोकला होता. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेलही जेऊरलाच आला होता. मुंबई इलाख्यात प्लेगची साथ, पुण्यात रँडच्या खुनाला वर्षही झालेलं नाही, अशा दिवसांत ही माणसं पेट्या भरभरून यंत्रं रेल्वेने नेत होती. नायगामवालांचा जेऊरच्या ग्रहणावरचा सविस्तर अहवाल १९०२ साली छापून आला.

आता दुःखद भाग. १९१२ साली नायगामवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद केली गेली. त्यांच्या जागी दुसरा कोणी आला नाही. दुर्बीण आणि इतर उपकरणं कोडाईकनालच्या सरकारी सौर वेधशाळेकडे रवाना झाली. चोवीस वर्षं. एका माणसाची नोकरी संपली आणि त्याच्याबरोबर देशातली सर्वांत मोठी दुर्बीण पुण्यातून गेली. ती मोडली नव्हती हे लक्षात घ्या. कोडाईकनालला तिला अजूनही 'भावनगर दुर्बीण' म्हणतात. १९८० च्या दशकात ती लडाखमध्ये लेहला नेली गेली, तिथल्या आकाशाची पारख करायला. पुढे त्याच प्रदेशात हानले इथे दोन मीटरची दुर्बीण उभी राहिली. म्हणजे शंभर वर्षांच्या म्हातारीनेही काम केलं. फक्त पुण्यात तिच्यामागे उभा राहणारा दुसरा माणूस नव्हता.

याच्या उलट गोष्ट अलिबागची आहे. ती त्याच काळातली आणि तीही एका पारशी शास्त्रज्ञाचीच.

मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. १८९६ पासून तिथे नानाभाई अर्देशर फ्रामजी मूस हे संचालक होते, त्या पदावरचे पहिले भारतीय. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार असं ठरलं. घोड्यांच्या ट्रामचा चुंबकसूचीला काही त्रास नव्हता, पण विजेच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार. मूस यांनी ट्रामला विरोध करत वेळ घालवला नाही. त्यांनी खाडीपलीकडे अलिबागला जागा शोधली, लोखंडाचा वापर टाळून पोरबंदरच्या दगडात इमारत बांधून घेतली आणि १९०४ मध्ये तिथे काम सुरू केलं. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळावा. १९०७ मध्ये विजेच्या ट्राम धावू लागल्या तेव्हा काम पूर्ण झालेलं होतं. आपल्यापैकी ज्यांनी जुनी सिस्टीम बंद करून नवी सुरू करण्याची कामं केली आहेत, त्यांना यातली शहाणपणाची किंमत कळेल. आम्ही याला पॅरलल रन म्हणतो आणि क्लायंट दर वेळी विचारतो की याचे पैसे कशाला?

त्याचे पैसे कशाला, तर हे बघा. २ सप्टेंबर १८५९ ला सूर्यावरून आलेलं एक प्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळलं. त्याला कॅरिंग्टनचं वादळ म्हणतात. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या माणसांनी त्या दिवशी आकडे डोळ्यांनी वाचून हाताने लिहून ठेवले. सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण त्यात नोंदली आहे. ती वही जपली गेली. २००३ साली अमेरिकेतल्या आणि आपल्या भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तीच नोंद वापरून त्या वादळाचा जोर किती होता ते मांडलं. तसं वादळ पुन्हा आलं तर उपग्रहांचं आणि वीजवाहिन्यांचं काय होईल याचा विचार जगभर करताना मुंबईच्या त्या वहीचा आधार घेतला जातो. १४४ वर्षांनी! अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. मूस गेले, त्यांच्यानंतरचे गेले, इंग्रजही गेले, पण रोज वाचन घेणारा माणूस जागेवर राहिला.

दोन्हीकडे यंत्रं चांगली होती आणि माणसंही हुशार होती. फरक इतकाच की एकीकडे सगळं एका माणसावर उभं होतं आणि दुसरीकडे व्यवस्थेवर.

आता आमच्या कॉलेजबद्दल. नाव लिहीत नाही, कारण हे एका कॉलेजचं दुखणं नाही. फायनल इयरला प्रोजेक्टसाठी आम्हाला एक महागडं यंत्र वापरायचं होतं. ते एसी खोलीत होतं. खोलीला कुलूप, किल्ली एका सरांकडे, यंत्रावर प्लास्टिकचं आवरण आणि त्यावर कापडाचं आवरण. सर म्हणाले, "बिघडलं तर जबाबदारी कोणाची? डेडस्टॉक रजिस्टरमध्ये माझी सही आहे." त्यात त्यांची चूक होती असं मला आज वाटत नाही. यंत्र वापरून बिघडलं तर त्यांना उत्तरं द्यावी लागली असती. न वापरता पडून राहिलं तर कुणीच काही विचारलं नसतं. आम्ही प्रोजेक्ट दुसऱ्या विषयावर केला. यंत्राला खरेदीबरोबर वर्षभराची वॉरंटी होती, ती आवरणाखालीच संपली होती.

त्याच कॉलेजात दुसऱ्या मजल्यावर आमच्या वयाहून मोठे ऑसिलोस्कोप मात्र सगळे चालू असत. कारण तिथले लॅब असिस्टंट. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. बारावी झालेले. एखादा स्कोप बंद पडला की ते संध्याकाळी थांबून उघडायचे, मेलेल्या दोन स्कोपांचे भाग काढून तिसरा जिवंत करायचे. कुठल्या स्कोपला काय झालं होतं, ते त्यांच्या एका जुन्या डायरीत असायचं. मागच्या वर्षी सुट्टीत कॉलेजात चक्कर मारली. मामा कधीच निवृत्त झालेत. जागा भरलेली नाही. डायरी कुठे आहे ते कुणाला ठाऊक नव्हतं. स्कोप एका कोपऱ्यात एकावर एक रचून ठेवले होते, निर्लेखनाच्या म्हणजे भंगारात काढण्याच्या मंजुरीची वाट बघत.

नायगामवाला आणि मामा यांची तुलना केली म्हणून कुणी रागावू नका. पण दोघांच्या निवृत्तीनंतर झालं तेच.

सरकारने काही केलंच नाही असंही नाही. १९७० च्या दशकात विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांतून उपकरण केंद्रांची योजना आणली. यंत्रं एका जागी ठेवायची, सगळ्या विभागांनी वापरायची आणि दुरुस्तीसाठी वर्कशॉप व कारागीर हाताशी ठेवायचे, असा विचार होता. त्याच दशकात आयआयटी मुंबईसारख्या ठिकाणी विभागीय केंद्रं निघाली, जिथे बाहेरच्या कॉलेजचा विद्यार्थीही फी भरून नमुना तपासून घेऊ शकतो. १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात नारळीकरांनी आयुका उभी केली ती याच तत्त्वावर, की प्रत्येक विद्यापीठाला परवडणार नाही ते सगळ्यांनी मिळून वापरावं. जानेवारी २०२० मध्ये आय-स्टेम नावाचं पोर्टल आलं, देशात कुठे कुठलं यंत्र आहे ते बघून बुक करता यावं म्हणून. जून २०२५ मध्ये केंद्राने संशोधनासाठीच्या खरेदीचे नियमही सैल केले. उलट बाजूही आहे. जुलै २०२२ मध्ये संशोधन संस्थांना उपकरणांवर मिळणारी ५ टक्के जीएसटीची सवलत जाऊन १८ टक्के लागू झाला. पण या सगळ्यात बहुतेक बोलणं खरेदीचं असतं. यंत्र आल्यानंतर दहा वर्षं त्याच्याजवळ कोण बसणार, हा प्रश्न रिक्त पदांच्या फाइलीत जातो.

आणि यंत्राला नुसता माणूसही पुरत नाही, त्याला खायला लागतं. रसायनशास्त्राच्या विभागात एनएमआर नावाचं यंत्र असतं, रेणूची रचना ओळखण्यासाठी. त्याचं चुंबक द्रव हेलियममध्ये बुडवून ठेवावं लागतं आणि ठरावीक महिन्यांनी हेलियम भरावा लागतो. नाही भरला तर चुंबक तापून एका झटक्यात बंद पडतं आणि ते परत सुरू करणं फार महागात जातं. हाच तो १८६८ च्या ग्रहणातला हेलियम. जगातला मोठा साठा आपल्या शेजारी कतारमध्ये निघतो. जून २०१७ मध्ये कतारशी सीमा बंद झाल्या तेव्हा तिथले हेलियमचे कारखाने काही आठवडे थांबले होते, कारण माल सौदीतून रस्त्याने इथे आपल्या जेबेल अलीच्या बंदरात यायचा. जेबेल अलीचा ट्रक अडला की जगात कुठल्यातरी विद्यापीठातला प्रयोग अडतो. ज्या विभागाकडे हेलियमसाठी वार्षिक तरतूद नाही, त्याच्याकडे यंत्र असून नसल्यासारखं. त्याला यंत्र भेट देणारा दाता पाटी लावून निघून जातो, हेलियमच्या बिलावर कुणाचीच पाटी नसते.

तर मंडळी, आता वर्गणीकडे येतो.

भावनगरच्या महाराजांनी दिलेले पाच हजार वाया गेले असं मी म्हणत नाही. मृगातल्या त्या हिरव्या रेषेचा निकाल त्या पैशातून लागला. पण ती रक्कम दुर्बिणीला होती. नायगामवालांच्या नंतर तिथे बसणाऱ्या माणसाला नव्हती. आपण आपल्या ऑफिसात सर्व्हर घेतो तेव्हा तीन ते पाच वर्षांचा सपोर्ट आधी मागतो, बॅकअपचा माणूस ठरवतो, पासवर्ड एकट्याकडे ठेवू देत नाही. मग कॉलेजला देतानाच आपण नुसता डबा का देतो? कारण डब्याचा फोटो काढता येतो. हे मी स्वतःलाही म्हणतोय, पाटीच्या वादात तीन दिवस मीसुद्धा होतो.

माझा प्रस्ताव असा आहे. नवं यंत्र नको. जमलेल्या पैशातून, एक, कॉलेजात आधीच असलेल्या आणि दुरुस्त होऊ शकणाऱ्या यंत्रांची यादी करून घ्यायची, आणि आवरणाखालचं ते महागडं यंत्र अजून असेल तर त्याचं नाव त्या यादीत पहिलं. दोन, त्यांची दुरुस्ती आणि तीन वर्षांची एएमसी. तीन, डिप्लोमा झालेल्या एका मुलाला किंवा मुलीला तीन वर्षं मानधन, काम एकच, यंत्रं चालू ठेवायची आणि विद्यार्थ्यांना हाताळायला शिकवायचं. चार, एक लॉगबुक, ज्यात कोणी काय वापरलं, काय बिघडलं, कसं दुरुस्त केलं ते लिहिलं जाईल. मामांच्या डायरीसारखं, पण ती सगळ्यांना सापडेल अशा जागी. तीन वर्षांनी आपण परत वर्गणी काढायची. आणि कॉलेजकडून एकच गोष्ट लेखी मागायची, की वापरताना यंत्र बिघडलं तर कोणत्याही शिक्षकाकडून किंवा विद्यार्थ्याकडून वसुली होणार नाही. किल्ली ज्यांच्याकडे असते त्या सरांची भीती गेल्याशिवाय कुलूप निघणार नाही.

यात अडचणी आहेत हे मान्य. बाहेरच्या पैशाने माणूस ठेवायला कॉलेज परवानगी देईल का, दर वर्षी आपण इतक्याच उत्साहाने पैसे देऊ का, नोकऱ्या बदलल्यावर, इथून परत गेल्यावर आपला ग्रूप टिकेल का. शेवटचा प्रश्न मला जास्त छळतो. कारण आपला ग्रूपही एक-दोघांवरच चालतो आणि मी व्हिसा संपून परत गेलो की वर्गणीची एक्सेल शीट कोण सांभाळणार ते ठरलेलं नाही. तेव्हा पहिलं काम म्हणजे ती शीट आज तिघांच्या ताब्यात देतोय. दोन नावं मला कळवा.

लेकीने दुर्बिणीची गोष्ट ऐकून शेवटी विचारलं, "मग ती दुर्बीण परत का नाही आणत?" मी सांगितलं की आणून उपयोग नाही, तिथे बसणारं कुणी हवं. ती म्हणाली, "मी बसेन." सात वर्षांची आहे, पुढच्या आठवड्यात तिला दुसरंच काही व्हायचं असेल. पण आपण जी दोन नावं शोधतोय ती अशीच मिळाली तर बरं होईल.

मस्कतकरांनी आणि पुणेकरांनी आपापलं मत शुक्रवारपर्यंत कळवावं. इतरांनी आपल्या कॉलेजात असं काही करून पाहिलं असेल, जमलं असेल किंवा फसलं असेल, तर जरूर लिहा, फसलेलं आधी लिहा.

चू.भू.द्या.घ्या.

मुहैस्नाह ४, दुबई